एमआरआयचा वेळ कमी करणारा माणूस

बारावीच्या वर्गात चुंबकत्वाचा धडा सुरू झाला की कुणीतरी विचारतंच, "मॅडम, एमआरआयचा शोध कुणी लावला?" मुलांना एका नावाचं उत्तर हवं असतं, परीक्षेत लिहिता येईल असं. तसं उत्तर मी देत नाही, कारण ते खोटं ठरेल. मी शिकवते नाशिकरोडला. वर्गातल्या बऱ्याच मुलांच्या घरी कुणी ना कुणी नोट प्रेसमध्ये नाहीतर सिक्युरिटी प्रेसमध्ये कामाला आहे किंवा होतं. म्हणून मी त्यांना छापखान्यात शिकाऊ म्हणून लागलेल्या एका मुलाबद्दल सांगते. पंधराव्या वर्षी त्याची शाळा सुटली आणि सत्तरीला टेकताना त्याला नोबेल पारितोषिक मिळालं. त्याचं नाव पीटर मॅन्सफील्ड. एमआरआय त्यांनी एकट्यांनी शोधला नाही. पण आज मुंबई नाक्यावरच्या किंवा गंगापूर रोडवरच्या एखाद्या सेंटरमध्ये पेशंट आत जाऊन वीस-पंचवीस मिनिटांत बाहेर येतो, यात त्यांच्या आयुष्यभराच्या कामाचा मोठा वाटा आहे.

त्यांचं काम समजायचं तर आधी यंत्राच्या आत काय चालतं ते पाहायला हवं. यातलं बरंचसं भौतिकशास्त्र बारावीच्या पुस्तकातलंच आहे.

आपल्या शरीराच्या वजनात साधारण ६० टक्के पाणी असतं. पाण्याच्या प्रत्येक रेणूत हायड्रोजनचे दोन अणू, आणि हायड्रोजनच्या अणूचं केंद्रक म्हणजे एकच प्रोटॉन. या प्रोटॉनला स्वतःचं सूक्ष्म चुंबकत्व असतं. एरवी ही चुंबकत्वं वाटेल त्या दिशांना तोंड करून असतात, त्यामुळे एकूण परिणाम शून्य. शरीर एका जबरदस्त चुंबकीय क्षेत्रात नेलं की थोडे प्रोटॉन क्षेत्राच्या दिशेने झुकतात. किती थोडे, हे मुलांना सांगितलं की त्यांचा विश्वास बसत नाही. १.५ टेस्लाच्या यंत्रात (टेस्ला हे चुंबकीय क्षेत्राचं एकक), म्हणजे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या तीस हजार पटींहून मोठ्या क्षेत्रात, दहा लाख प्रोटॉनांमागे जेमतेम पाचांचं आधिक्य एका बाजूला राहतं. बाकीचे एकमेकांना रद्द करतात. तरी काम भागतं, कारण एका घन मिलिमीटर पाण्यात हायड्रोजनची केंद्रकं ६ वर १९ शून्यं एवढी असतात. त्यातली दहा लाखांत पाच म्हटली तरी तीन कोटींना एक कोटीने गुणल्यावर येते तेवढी भरतात.

चुंबकीय क्षेत्रात प्रोटॉनाचा अक्ष क्षेत्राच्या दिशेभोवती ठरावीक वेगाने फिरत राहतो. हा वेग फक्त क्षेत्राच्या जोरावर अवलंबून असतो: १ टेस्लाला सेकंदाला ४.२५८ कोटी फेऱ्या, म्हणजे ४२.५८ मेगाहर्ट्झ. १.५ टेस्लाला ६४ मेगाहर्ट्झच्या आसपास, ३ टेस्लाला १२८ मेगाहर्ट्झच्या आसपास. आपण गाडीत ऐकतो तो एफएम पट्टा ८८ ते १०८ मेगाहर्ट्झचा आहे, म्हणजे या दोन आकड्यांच्या बरोबर मधला. बाहेरचे रेडिओ आणि मोबाइल आत घुसू नयेत म्हणून एमआरआयच्या खोलीच्या भिंतींत, छतात आणि दारातसुद्धा बहुतेक ठिकाणी तांब्याचा पत्रा बसवलेला असतो. नाशिकच्या भांडी बाजारात वाढलेल्या माणसाला तांब्याचा हा उपयोग ठाऊक असावा असं मला फार वाटतं.

प्रोटॉनांच्या वेगाशी जुळणारी रेडिओलहर थोडा वेळ सोडली की ते ती ऊर्जा घेतात आणि एका लयीत कलतात. लहर थांबली की ते मूळ स्थितीकडे परत येऊ लागतात आणि येताना त्याच वारंवारितेचा क्षीण संदेश बाहेर टाकतात. पेशंटच्या अंगाजवळ ठेवलेली कॉइल तो संदेश पकडते. एवढंच मूळ तत्त्व. यात क्ष-किरण नाहीत, किरणोत्सर्ग नाही. हे मला दर वेळी मुद्दाम सांगावं लागतं, कारण आमच्या ओळखीत अजूनही लोक एमआरआय आणि सीटी स्कॅन एकाच मापाने मोजतात आणि घाबरतात. सीटीमध्ये क्ष-किरण असतात. एमआरआयमध्ये चुंबक आणि रेडिओ.

अणुकेंद्रकांचा हा गुण इसिडोर राबी यांनी १९३८ मध्ये रेणूंच्या झोतावर मोजून दाखवला होता. १९४६ मध्ये एडवर्ड पर्सेल यांच्या गटाने मेणात आणि फेलिक्स ब्लॉख यांच्या गटाने पाण्यात तो पकडला. ब्लॉख यांच्या स्टॅनफर्डमधल्या प्रयोगशाळेत श्रीनिवास धर्माट्टी नावाचे एक भारतीय संशोधक होते. अल्कोहोलच्या एकाच रेणूतले हायड्रोजन वेगवेगळे संदेश देतात हे दाखवणाऱ्या १९५१ च्या प्रसिद्ध शोधनिबंधावर त्यांचं नाव आहे. पुढे मुंबईच्या टीआयएफआरमध्ये, म्हणजे टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, या विषयाची प्रयोगशाळा त्यांनी उभी केली. १९५१ मध्येच बंगळुरूला जी. सूर्यन यांनी वाहत्या द्रवाचा संदेश स्थिर द्रवापेक्षा वेगळा येतो हे मोजलं. रक्तवाहिन्यांचा प्रवाह एमआरआयवर पाहण्याच्या इतिहासात हे काम सुरुवातीच्या कामांत धरलं जातं. ही दोन नावं आपल्या पाठ्यपुस्तकांत असायला हवीत.

तर १९५० च्या दशकात संदेश मिळत होता, पण त्यातून चित्र मिळत नव्हतं. नमुन्यातल्या सगळ्या प्रोटॉनांचा आवाज एकदम येतो. त्यातला कोणता यकृतातून आला आणि कोणता मणक्यातून, हे कळायला मार्ग नाही. रसायनशास्त्रज्ञांना त्याची गरजही नव्हती, कारण त्यांच्या नळीत सगळीकडे एकच द्रव असे. ते उलट क्षेत्र सगळीकडे एकसारखं राहावं म्हणून धडपडत. संदेशाला पत्ता कसा चिकटवायचा हा प्रश्न पुढची वीसेक वर्षं तसाच पडून राहिला.

आता मॅन्सफील्ड.

त्यांचा जन्म ९ ऑक्टोबर १९३३ चा, लंडनमधला. वडील गॅसच्या पाइपांचं फिटिंग करत. दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बॉम्ब पडू लागले तेव्हा इतर मुलांबरोबर त्यांनाही गावाकडे हलवलं गेलं. त्या सगळ्यात शिक्षणाची ओढाताण झाली. पंधराव्या वर्षी शाळा संपली तेव्हा मार्गदर्शन करणाऱ्या अधिकाऱ्याला त्यांनी विज्ञानात काम करायचं आहे असं सांगितलं. हाती काहीच पात्रता नसल्यामुळे त्यांना काहीतरी साधंसं बघ असा सल्ला मिळाला आणि ते छापखान्यात शिकाऊ म्हणून लागले. युद्धात जर्मन रॉकेटं लंडनवर येताना त्यांनी पाहिली होती, ते वेड डोक्यातून गेलं नव्हतं. अठराच्या सुमारास त्यांनी वेस्टकॉट इथल्या सरकारी रॉकेट विभागात नोकरी मिळवली. मध्ये सक्तीची लष्करी सेवा झाली. परत आल्यावर नोकरी सांभाळून त्यांनी राहिलेल्या परीक्षा दिल्या आणि बावीस-तेविसाव्या वर्षी लंडनच्या क्वीन मेरी कॉलेजात भौतिकशास्त्राला प्रवेश घेतला. गोवर्धन शिवारात आपलं मुक्त विद्यापीठ आहे. तिथे दिवसा कामाला जाऊन रात्री अभ्यास करणारी माणसं मी पाहते. त्यांना हे आयुष्य वेगळं वाटणार नाही.

पदवीच्या शेवटच्या वर्षी जॅक पाउल्स या प्राध्यापकांनी त्यांना एक प्रकल्प दिला. तेव्हा नव्याने आलेले ट्रान्झिस्टर वापरून पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र मोजणारं, उचलून नेता येईल असं उपकरण बनवायचं होतं. मोजमाप प्रोटॉनांच्या याच संदेशावरून करायचं. म्हणजे ते या विषयात शिरले ते हाताने उपकरण बनवत शिरले. ही सवय शेवटपर्यंत टिकली आणि माझ्या मते तीच त्यांची खरी ताकद. १९५९ मध्ये पदवी, १९६२ मध्ये डॉक्टरेट. मग अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात चार्ल्स स्लिक्टर यांच्याकडे काही काळ, आणि १९६४ पासून इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅम विद्यापीठात. निवृत्त होईपर्यंत ते तिथेच राहिले.

नॉटिंगहॅममध्ये ते माणसांच्या शरीराचा विचारही करत नव्हते. त्यांचा विषय घन पदार्थ. स्फटिकातल्या अणूंची रचना क्ष-किरणांनी पाहता येते, तशी ती प्रोटॉनांच्या संदेशातून पाहता येईल का, असा त्यांचा प्रश्न होता. १९७२ च्या सुमारास सहकाऱ्यांशी बोलताना त्यांना कल्पना सुचली: स्फटिकाच्या एका टोकाला क्षेत्र थोडं कमी आणि दुसऱ्या टोकाला थोडं जास्त ठेवलं, तर प्रत्येक थरातले अणू वेगळ्या वेगाने फिरतील आणि त्यांचा संदेश वेगळा ओळखता येईल. क्षेत्रातल्या अशा चढाला ग्रेडियंट म्हणतात.

ही कल्पना या विषयाचा कणा आहे, म्हणून इथे थोडं थांबते. पेटीच्या पट्ट्या डावीकडून उजवीकडे चढत्या सुरात लावलेल्या असतात. जाणकार माणूस डोळे मिटून सूर ऐकतो आणि कोणती पट्टी दाबली ते सांगतो. दोन-तीन पट्ट्या एकदम दाबल्या तरी त्याचा कान त्या सुट्या करतो. ग्रेडियंट शरीराला अशा चढत्या सुरांत लावतो. समजा दर मीटरला १० मिलिटेस्ला इतका चढ दिला, तर एका सेंटीमीटरवरचे आणि त्याच्या शेजारच्या सेंटीमीटरवरचे प्रोटॉन यांच्या वारंवारितेत सुमारे ४,२५८ हर्ट्झचा फरक पडतो. सहा कोटी चाळीस लाखांच्या मानाने हा फरक किरकोळ, पण इलेक्ट्रॉनिक्सला तो सहज कळतो. सगळे सूर एकत्र मिसळून आले तरी फूरियेचं गणित ते सुटे करतं आणि कोणत्या जागी किती प्रोटॉन आहेत हे सांगतं. मिळाला पत्ता.

१९७३ मध्ये मॅन्सफील्ड आणि ग्रॅनेल यांनी हे छापलं. प्रयोगासाठी कापराचे पातळ थर एकावर एक ठेवले होते आणि संदेशातून ते थर वेगवेगळे दिसले. रामकुंडावर रोज जळणाऱ्या कापराचा विज्ञानात असाही मान आहे, हे मुलांना सांगताना मला आनंद होतो. खऱ्या स्फटिकातल्या अणूंमधलं अंतर मात्र इतकं लहान की त्यासाठी लागणारा ग्रेडियंट कुणालाच बनवता आला नसता. मूळ प्रश्न तिथेच थांबला.

पण त्याच वर्षी पोलंडमध्ये क्राकोला झालेल्या परिषदेत हे काम मांडल्यावर त्यांना विचारलं गेलं: अमेरिकेतल्या लॉटरबर यांचं काम तुम्हाला माहीत आहे का? माहीत नव्हतं. पॉल लॉटरबर हे रसायनशास्त्रज्ञ. त्यांनी ग्रेडियंटचीच कल्पना वेगळ्या वाटेने गाठली होती. जड पाण्यात (त्यातल्या हायड्रोजनचा सूर वेगळा, म्हणून त्याचा संदेश यात मिसळत नाही) ठेवलेल्या साध्या पाण्याच्या दोन बारीक नळ्यांचं द्विमितीय चित्र त्यांनी मार्च १९७३ मध्ये 'नेचर'मध्ये छापलं होतं, आणि तेही नियतकालिकाने आधी नाकारल्यावर आग्रह धरून. लॉटरबर यांच्या डोळ्यांसमोर सुरुवातीपासून सजीव शरीर होतं. मॅन्सफील्डही आता स्फटिकांकडून तिकडे वळले. वयाच्या चाळिशीत, बऱ्यापैकी नाव झालेल्या विषयातून उठून त्यांनी हे केलं. संशोधकाच्या आयुष्यात हा निर्णय सोपा नसतो. चालू विषयात निबंध निघत असतात, विद्यार्थी असतात, अनुदान असतं.

पुढची चार-पाच वर्षं नॉटिंगहॅममध्ये एकाच विभागात तीन गट या प्रश्नाला भिडले होते. कुणी लिंबाचा काप दाखवला, कुणी मनगटाचा. मॅन्सफील्ड यांनी सहकाऱ्यांबरोबर दोन गोष्टी केल्या. पहिली, शरीराचा हवा तेवढाच पातळ काप निवडण्याची रीत. ग्रेडियंट चालू ठेवून अगदी मोजक्या वारंवारितांचीच रेडिओलहर सोडायची, मग त्या सुरात असलेला कापच तेवढा जागा होतो आणि बाकीचं शरीर गप्प राहतं. आजही प्रत्येक एमआरआयची सुरुवात बहुधा याच पायरीने होते. दुसरी गोष्ट, जिवंत माणसाचं चित्र. १९७७ मध्ये त्यांनी आणि अँड्र्यू मॉड्सली यांनी बोटाचा आडवा छेद प्रसिद्ध केला. हाड, मज्जा, कंडरा वेगळे ओळखू येत होते.

अमेरिकेत रेमंड डमाडियन यांनी जुलै १९७७ मध्ये स्वतः बांधलेल्या यंत्रात सहकाऱ्याच्या छातीचं चित्र घेतलं, त्याला जवळपास पाच तास लागले. उंदरांच्या गाठींमधल्या पाण्याचा संदेश निरोगी ऊतींपेक्षा सावकाश विरतो हे त्यांनीच १९७१ मध्ये दाखवलं होतं आणि डॉक्टरांचं लक्ष या विषयाकडे वळवलं होतं. २००३ चं नोबेल लॉटरबर आणि मॅन्सफील्ड यांना मिळालं तेव्हा डमाडियन यांनी वर्तमानपत्रांत पानपानभर जाहिराती देऊन निषेध केला. माझं मत विचाराल तर ऊतींमधला फरक ओळखण्याचं श्रेय त्यांचं नक्की, पण चित्र तयार करण्याची जी रीत जगाने स्वीकारली ती ग्रेडियंटची.

ऊतींमधल्या या फरकाबद्दल दोन ओळी, कारण रिपोर्ट वाचताना त्या उपयोगी पडतात. लहर थांबल्यावर प्रोटॉन पूर्वस्थितीला येण्याचे दोन काळ मोजतात, टी-१ आणि टी-२. चरबी लवकर सावरते म्हणून टी-१ चित्रात पांढरी दिसते. मेंदू-मणक्यातलं पाणी फार सावकाश सावरतं, ते टी-१ मध्ये काळं आणि टी-२ मध्ये पांढरं दिसतं. मणक्यांमधल्या चकतीत पाणी भरपूर असेल तर ती टी-२ मध्ये उजळ, सुकली असेल तर काळपट. कंबरदुखीच्या फिल्मवर डॉक्टर बोट ठेवून "ही गादी सुकलीय" म्हणतात ते हेच पाहून. एकच यंत्र, एकच पेशंट, फक्त कधी ऐकायचं ते बदललं की वेगळं चित्र.

१९७८ मध्ये नॉटिंगहॅमला संपूर्ण शरीर मावेल असं चुंबक तयार झालं. आत आधी कोण जाणार? पटापट बदलणाऱ्या चुंबकीय क्षेत्रामुळे शरीरात विजेचे प्रवाह निर्माण होतात आणि त्याने हृदयाचे ठोके बिघडू शकतील, असा इशारा त्यांना मिळाला होता. मॅन्सफील्ड यांनी हिशेब केला, आपण वापरतो ती मर्यादा सुरक्षित आहे असा निष्कर्ष काढला आणि स्वतःच आत गेले. पत्नी आणि सहकारी बाहेर थांबले होते, काही झालं तर ओढून काढायला. पोटाचा छेद मिळाला. विद्यार्थ्याला आत पाठवलं नाही, याचा मला फार आदर वाटतो. इशाऱ्यातलं भौतिकशास्त्र खोटं नव्हतं. ग्रेडियंट फार झपाट्याने बदलला तर पेशंटच्या पाठीचे किंवा हातांचे स्नायू आपोआप फडफडतात, म्हणून आजच्या यंत्रांमध्ये बदलाच्या वेगाला मर्यादा घातलेली असते.

आणि मग वेळ. मॅन्सफील्ड यांचं सगळ्यात मोठं काम इथे आहे.

पोट श्वासागणिक हलतं. हृदय मिनिटाला सत्तरेक ठोके देतं. साध्या पद्धतीत मात्र चित्राची एकेक ओळ स्वतंत्रपणे घ्यावी लागते: लहर सोडा, दुसऱ्या दिशेचा ग्रेडियंट थोडा वेळ लावून तिकडच्या प्रोटॉनांना जागेनुसार मागेपुढे करा, संदेश ऐका, प्रोटॉन सावरेपर्यंत थांबा, मग पुढची ओळ. अशा २५६ ओळी आणि प्रत्येकीमागे दोन सेकंद थांबणं धरलं तर साडेआठ मिनिटं होतात. हृदयाचं चित्र घ्यायला यात वावच नाही.

मॅन्सफील्ड यांनी विचारलं, दर ओळीला नव्याने लहर सोडायची गरजच काय? एकदा कललेले प्रोटॉन लगेच गप्प होत नाहीत. बहुतेक ऊतींमध्ये त्यांचा संदेश ५० ते १०० मिलिसेकंद टिकतो. तेवढ्या अवधीत ग्रेडियंटची दिशा उलटसुलट, उलटसुलट बदलत राहिलं तर विखुरलेले प्रोटॉन पुन्हा पुन्हा लयीत येतात आणि प्रत्येक वेळी एक प्रतिध्वनी देतात. प्रत्येक प्रतिध्वनी म्हणजे चित्राची एक ओळ. एका लहरीत सगळं चित्र, तेही सेकंदाच्या दहाव्या भागात. १९७७ मध्ये त्यांनी हे कागदावर मांडलं. या पद्धतीला एको-प्लेनर इमेजिंग म्हणतात, थोडक्यात ईपीआय.

कागदावर ते सोपं दिसतं. प्रत्यक्षात शेकडो अँपिअरचा प्रवाह सेकंदाला हजारेक वेळा उलटवायचा होता आणि असे अँप्लिफायर बाजारात नव्हते. दुसरी अडचण अशी की ग्रेडियंट झपाट्याने बदलला की भोवतालच्या चुंबकाच्या धातूच्या भांड्यात भोवरी प्रवाह निर्माण होतात आणि ते चित्र वाकडं करतात. बारावीला लेंझचा नियम शिकवतो, की असा प्रवाह क्षेत्रातल्या बदलाला विरोध करतो, तोच इथे आडवा येतो. १९८६ मध्ये मॅन्सफील्ड आणि बॅरी चॅपमन यांनी तोड काढली. ग्रेडियंट कॉइलच्या बाहेर आणखी एक कॉइल बसवायची आणि तिच्यात असा उलटा प्रवाह सोडायचा की आत ग्रेडियंट राहील, पण बाहेर क्षेत्र पोहोचणारच नाही. अशी स्वतःला झाकणारी कॉइल आज जवळपास प्रत्येक यंत्रात असते. ईपीआय रुग्णालयांत रुळायला १९९० चं दशक उजाडलं. कल्पना सुचल्यापासून पंधराएक वर्षं. दरम्यान त्यांच्या प्रयोगशाळेत लहान मुलांच्या हलत्या हृदयाची चित्रं निघत होती, तरी कंपन्या सावकाश हलल्या. वेगळ्या दर्जाच्या यंत्रसामग्रीचा खर्च हे त्यामागचं मोठं कारण.

एकदा ती सामग्री आल्यावर ज्याची अपेक्षाही नव्हती ते घडलं. मेंदूचा काही भाग काम करू लागला की तिथे ऑक्सिजनयुक्त रक्त वाढतं आणि त्याचा संदेश किंचित बदलतो, हे सेइजी ओगावा यांनी १९९० मध्ये उंदरांवर दाखवलं. १९९२ मध्ये माणसाच्या मेंदूचं असं कामकाज चित्रात दिसलं. त्यासाठी दर दोन-तीन सेकंदांनी अख्ख्या मेंदूची चित्रं हवीत, ती मुख्यतः ईपीआयने मिळतात.

आपल्याकडे जास्त जवळचा उपयोग पक्षाघाताचा. रक्तपुरवठा तुटला की मेंदूच्या पेशी फुगतात आणि पाण्याच्या रेणूंची हालचाल आवळली जाते. ही हालचाल मोजणाऱ्या डिफ्यूजन चित्रात तो भाग काही मिनिटांत चमकू लागतो, तर साध्या सीटीवर तो सुरुवातीचे काही तास दिसत नाही. डोकं जरासं हललं तरी ही मोजणी बिघडते, म्हणून तीही ईपीआयने घेतात. गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनसाठी साधारण साडेचार तासांची मुदत असते. रक्तस्राव तर नाही ना हे पाहायला बहुतेक ठिकाणी आधी सीटी करतात, कारण ते पटकन होतं. पण सुरगाण्याहून किंवा पेठहून निघालेल्या पेशंटची ती मुदत रस्त्यातच संपत आलेली असते. अशा वेळी एमआरआयवर गेलेली मिनिटं कमी असणं किती मोलाचं, हे नाशिकच्या डॉक्टरांना सांगायला नको.

या वेगाची किंमत म्हणजे आवाज. चुंबकीय क्षेत्रातल्या वीजवाहक तारेवर बल येतं, हे सूत्र मुलं पाठ करतात: क्षेत्र गुणिले प्रवाह गुणिले लांबी. १.५ टेस्लाच्या आत शेकडो अँपिअर प्रवाह वाहणारी कॉइल. प्रवाह उलटला की बल उलटतं आणि कॉइलला दणका बसतो. सेकंदाला शेकडो दणके म्हणजे ऐकू येणारा आवाज, तोही काही वेळा १०० डेसिबलच्या वर. आमच्या पंचवटीतल्या मावशी बाहेर आल्या त्या "अगं, मोटार बिघडली असेल त्यांची, सांग त्यांना" असं म्हणतच. बिघडलेलं काही नव्हतं. साधी टकटक म्हणजे ओळीमागून ओळ घेणारी पद्धत. मेंदूच्या तपासणीत मधेच टेबल थरथरवणारी जी कर्कश सलग घरघर येते, ती बहुधा डिफ्यूजनची, म्हणजे ईपीआयची.

मॅन्सफील्ड यांना हे खटकत होतं. १९९४ मध्ये निवृत्त झाल्यावरही ते विद्यापीठात येत राहिले आणि या आवाजाच्या मागे लागले. तारांवरची बलं जोडीजोडीने एकमेकांना रद्द करतील अशा कॉइल त्यांनी सहकाऱ्यांबरोबर मांडल्या. १९९५ मध्ये त्यावर निबंध छापला आणि पुढेही ते सुधारणा करत राहिले. आवाज कमी झाला, पण पूर्ण गेला नाही. कॉइलमध्ये जे साहित्य वापरतात ते दाबलं-ताणलं जातंच, आणि क्षेत्र वाढवून ३ टेस्ला केलं की बल दुप्पट होतं. ६ ऑक्टोबर २००३ ला नोबेलची घोषणा झाली तेव्हा सत्तरावा वाढदिवस तीन दिवसांवर होता. ८ फेब्रुवारी २०१७ ला ते गेले. हा प्रश्न अजून संशोधकांच्या टेबलावर आहे.

तोवर पेशंटने आणि घरच्यांनी काय करायचं, तेवढं सांगते. कानात बोळे आणि वर हेडफोन मागून घ्यायचे. लहान मूल किंवा वयस्कर माणूस असेल तर दोन्ही नीट बसलेत ना ते टेक्निशियनकडून बघून घ्यायचं. हातात दिलेला रबरी फुगा दाबला की बाहेर कळतं आणि तपासणी थांबवता येते, हे आत जाण्यापूर्वीच समजावून द्यायचं. तपासणी थांबली तरी मोठं चुंबक थांबत नाही. ते उणे २६९ अंश सेल्सिअसच्या द्रवरूप हीलिअमने थंड ठेवलेल्या तारांचं असतं आणि रात्रंदिवस चालूच असतं, दिवे गेले तरी. २०१८ मध्ये मुंबईतल्या एका रुग्णालयात ऑक्सिजनचं सिलिंडर घेऊन आत शिरलेल्या नातेवाईकाचा या चुंबकाच्या ओढीमुळे जीव गेला. पेसमेकर, मेंदूतली क्लिप, कानातलं इम्प्लांट हे सांगायचंच. आणि सातपूर-अंबडच्या कारखान्यांत लेथवर, ग्राइंडरवर काम केलेल्यांनी डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला होता का ते आठवून सांगायचं, तो काढून वर्षं झाली असली तरी. शंका असेल तर आधी डोळ्यांचा एक्स-रे काढतात आणि मगच आत घेतात.